लॅव्हेंडर आणि कोंड्याची राख

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीतली खोली घेताना घरमालकीणकाकींनी दोनच अटी सांगितल्या होत्या. "पोरगा नाई, अन् जनावर नाई." मी मान हलवली. तेव्हा दोन्ही गोष्टी माझ्यापासून सारख्याच दूर होत्या.

मी गोंदियातल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. घर सडक अर्जुनीला. मी एकटी राहणार हे आईला पटवायला मला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती. शेवटी ती म्हणाली ते एवढंच, "एक जरी तक्रार आली, तर सामान बांधायचं." खोली वरच्या मजल्यावर आणि जिना बाहेरून. खाली काकी एकट्या, शेजारी धानाच्या पोत्यांची खोली. जिथे कमी बोलावं लागेल असं घर मला हवं होतं. मिळालं असं, की माझ्याही वाटणीचं काकीच बोलायच्या.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या सायकल-स्टँडमध्ये मांजराचं एक पिल्लू सापडलं. एका दिवसापुरतं म्हणून डब्याच्या पिशवीतून आणलं आणि महिना झाला. त्याला मी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की हाक मारावी लागते, आणि हाक खाली ऐकू जाते.

आवाजाचं मला भय होतं. वासाचा विचारच केला नव्हता. मांजरांच्या शी-शूसाठी मिळणारी माती इंटरनेटवरून मागवली आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घातली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर डोळे चुरचुरले. शाळेच्या प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडल्यावर चुरचुरायचे तसे. हवा दमट, माती वाळत नव्हती, आणि पिल्लू दिसू नये म्हणून खिडक्या बंद. ट्रे धुऊन बाहेर वाळवायचीही सोय नव्हती.

मग मी लॅव्हेंडरच्या वासाची माती मागवली. पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं की आता दुर्गंधीची चिंता विसरा. इंग्रजीत छापलेलं असलं की माझा चटकन विश्वास बसतो, ही शाळेनं लावलेली सवय. पिल्लाला इंग्रजी येत नव्हतं. ते ट्रेच्या काठावर उभं राहिलं, एक पाय आत घालून झटकला आणि माझ्या पायपुसण्यावर जाऊन बसलं. आता वास दोन ठिकाणचा झाला. मी कापूर जाळला, धूप लावला, रूम स्प्रे मारला. शाळेत जाताना माझ्या ओढणीलाही तो सगळा बाजार चिकटलेला असायचा.

एका सकाळी काकी अंगण झाडत होत्या. मी जिना उतरले तशा झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

"म्याडम, रोज येवढा सेंट कायले मारून राहिली वो?"

"असंच."

"असंच कोनी नाई मारत."

कुंपणापलीकडून शेजारीण हसली. "मारू द्या न जी काकी, वय आहे तिचं!"

काकी हसल्या नाहीत. "अन् तू शाळेत गेल्यावर वर कोन चालते? काल काहीतरी धप्पकन पडलं."

"भांडं असेल," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली. ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवताना माझ्या लक्षात आलं की काकींना अट मोडल्याचा संशय आलेला आहे, फक्त जनावराच्या नाही, पोराच्या अटीचा.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सरळच सांगितलं. "उद्या तुझ्या मायले फोन लावीन. पोरीची जात, मले जबाबदारी नको."

आता माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प राहिले तर आईला फोन जाणार, सामान बांधलं जाणार, नोकरी सुटणार. खरं सांगितलं तर पिल्लू जाणार, कदाचित खोलीही. इतकी वर्षं मी गप्प राहूनच निभावलं होतं. या वेळी गप्प राहण्याचाच अर्थ वाईट निघत होता.

रविवारी सकाळी खाली गेले. पाठ केलेली वाक्यं दारातच विसरले. "काकी, एकदा वर येता का?" एवढंच निघालं.

त्या झाडू हातात घेऊनच आल्या. दारामागे पाहिलं, न्हाणीत पाहिलं, खाटेखाली वाकल्या. खाटेखालून पिल्लू बाहेर आलं, पाठ ताणून त्यानं आळस दिला आणि झाडूच्या काड्यांशी खेळायला लागलं.

काकींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाच?"

"ही. मांजरी आहे."

"अजून कोनी नाई?"

"नाही."

त्या मटकन खाटेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "माय वो! मी त दोन दिवसांपासून मनातल्या मनात तुझ्या मायसंग बोलून राहिली. कसं सांगू, कोठून सुरू करू!" त्यांना माझ्याइतकंच हायसं वाटलेलं पाहून मला आधी हसू आलं, मग रडू.

मग त्यांचं नाक ट्रेकडे वळलं. "हे काय आहे?"

"लॅव्हेंडर."

"म्हंजे कोनतं फूल?"

मी ते फूल कधीच पाहिलेलं नव्हतं. तसं सांगितलं, आणि पिल्लू ट्रे सोडून पायपुसण्यावर बसतं हेही.

"मुतावर फुलं वाहते, काऊन वो? तरीच ते पायपुसण्यावर जाते. वासावर वास टाकला तर वास जाते का?"

त्या खाली गेल्या आणि पाटीभर काळपट राख घेऊन आल्या. राईस मिलमध्ये कोंडा जाळून उरते ती. भांडी घासायला त्यांच्याकडे पोतं भरून असते. सोबत टोपलीभर साधा कोंडाही होता. "खालून राख, वरून जाड कोंडा. ओलं झालं की सकाळ-संध्याकाळ काढत जा. अन् हे डबडं धुऊन उन्हात ठेव, लपवू नको."

शेवटचा शब्द त्या सहज बोलल्या. मी ट्रे घेऊन भर उजेडात गच्चीवर गेले आणि त्यांच्या वाळत घातलेल्या वड्यांपासून बऱ्याच अंतरावर उपडा ठेवला.

सुरुवातीला खोलीभर करडी पावलं उमटली. राखेवर किंचित पाणी शिंपडून ती दाबून बसवायची, हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं. पुढच्या आठवड्यात एकदा शाळेतून आले, दार उघडलं आणि सवयीनं श्वास रोखला. मग सोडला, पुन्हा घेतला. काहीच नाही. उघड्या खिडकीतून मिलमधल्या उकडत्या धानाचा वास तेवढा येत होता. तो रोजच येत असणार.

आईला फोन मात्र काकींनी लावलाच, माझ्यासमोर. "तुमच्या पोरीनं मांजर पाळलं जी! दुसरं काही नाई!" फोन स्पीकरवर होता. आईनं विचारलं, "त्या मांजरासंग तरी बोलते का?"

बोलते. आता तिला नावही आहे, आणि हाक खाली ऐकू गेली तर खालूनही एक हाक येते.

परवा काकींच्या शेजारची, पोती काढून रिकामी केलेली खोली पाहायला नर्सिंगची एक मुलगी आली होती. मी जिन्यावर मांजरीला घेऊन बसले होते. काकी तिला अटी सांगत होत्या. "पोरगा नाई, अन् सेंट नाई."

मुलीनं माझ्या मांडीकडे पाहिलं. "आणि जनावर?"

"ते आहे आमच्याकडे," काकी म्हणाल्या.