काकांची काडतुसं

अमेरिकेतल्या डब्लिनला आमच्या समोरच्या घरात काका राहायचे. मूळचे नागपूरचे, रिटायर्ड केमिस्ट. काकू गेल्यापासून एकटेच; मुलगी टेक्सासला. त्यांना एकच नाद होता, रायफलनं टार्गेट शूटिंग करायचा. त्यासाठीची काडतुसं ते बेसमेंटमध्ये स्वतः भरायचे. आपल्या रायफलला नेमकं काय मानवतं ते शोधायचं, तर बंदुकीची दारू किती घालायची, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, हे जरा जरा बदलून बघत राहावं लागतं. मी सुरुवातीला नुसती सोबत म्हणून जायचे. मग त्यांनी मलाही नेम धरायला शिकवलं.

गेल्या वर्षी पानगळीच्या सुमाराला काकांचं काहीतरी बिघडलं. पूर्वी कागदावरची त्यांची सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जायची. आता ती तळहाताएवढी पसरायला लागली.

"दारूचा डबा नवीन आहे ना, त्यानंच घोळ केला," काका म्हणाले.

डबा बदलला. मग गोळी केसभर आत बसवून पाहिली, केसभर बाहेर ठेवून पाहिली. पुंगळ्या नव्या मागवल्या. दर शनिवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर जायचो आणि तीच पसरलेली भोकं बघून परत यायचो. दारू मोजताना त्यांच्या हातातला चमचा वजनकाट्याच्या ताटलीवर टिकटिक वाजायचा. बेसमेंट थंड आहे म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे ते मलाच मोजायला सांगायला लागले.

एका शनिवारी रेंजवर ते म्हणाले, "आज तू मार. माझीच रायफल, हीच काडतुसं."

मी बसले. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, त्यांनी शिकवलं होतं तसा श्वास अर्धा सोडला आणि एकेक गोळी झाडली. काका दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. भोकं एकमेकांना चिकटून पडली होती.

"म्हणजे काडतुसं चांगली आहेत," ते म्हणाले.

"काका, चुकून लागल्या असतील. परत मारू?"

"चुकून एखादी लागते गं. सगळ्या नाही." त्यांनी उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला.

पार्किंगमध्ये त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "डॉक्टरनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, पार्किन्सन्स आहे. मला वाटलं, अजून वेळ आहे. दारूतच काहीतरी चुकतंय असं धरून चाललो."

"मुलीला सांगितलंत?"

"सांगितलं तर ती हे घर विकायला लावेल."

ख्रिसमसला ती टेक्सासहून आली, वडिलांना शर्टाची बटणं लावताना पाहिलं, आणि तसंच झालं. घर विकायला निघालं. काडतुसं भरायचं यंत्र टेबलावरून उचकटलं, तेव्हा काका बेसमेंटच्या पायरीवर बसून होते. "रायफल तू ठेव," मला म्हणाले. आमच्या घरात लहान मुलं. नवरा बंदूक घरात आणू देणार नव्हता. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी बंदुकांचा दुकानदार ती घेऊन गेला.

आता रविवारी टेक्सासहून, मुलीच्या घरून, त्यांचा फोन येतो. आवाज इतका बारीक झालाय, की निम्मे शब्द मला कळतच नाहीत. पुन्हा विचारलं की ते थकतात. म्हणून मी नुसतं "हो काका, हो," म्हणत राहते.