करड्या खारींचे काम

आमच्या स्केलबेक गावात करडी खार पिंजऱ्यात सापडली की लोक आधी पिंजऱ्यावर बशा पुसायचा टॉवेल टाकतात आणि मग हेस्टर टॅलेंटायरला फोन करतात. नंतर घरातल्या अशा खोलीत जाऊन बसतात जिथून बाग दिसत नाही.

हेस्टर बहात्तरची आहे. अंगाने लहानखुरी, पण हात भलेमोठे. गावची शाळा बंद पडेपर्यंत तिने तिथल्या मुलांचे जेवण रांधले. तिच्यापेक्षा जरासा जरी लहान असला तरी गावातला प्रत्येक पुरुष तिच्या लेखी ‘पोरा’. मी निवृत्तीला आलो, डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही, तरी मीही पोराच. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून या कामासाठी तिला नेणे-आणणे माझ्याकडे आले. मी खारींच्या मंडळाचा खजिनदार आहे, आणि मंडळात खजिनदाराला दुसरे फारसे काम नसते.

मंडळ आहे ते लाल खारींसाठी. लाल खार इथली मूळची. कानांवर केसांचे झुबके असलेली, मूठभर, लाजरी. करडी परदेशातून कुणा श्रीमंतांनी हौसेने आणून बागांत सोडली आणि तिने सगळा देश व्यापला. ती अंगाने थोराड, लाल खारीच्या तोंडचे खाते. शिवाय तिच्या अंगात देवीच्या आजारासारखा एक रोग असतो. तिला स्वतःला त्याचे काही होत नाही. लाल खार मात्र डोळे चिकटून, अंगावर फोड येऊन मरते. दोघी एकाच दाण्याच्या डब्यावर आल्या की पुरते. म्हणून लाल ठेवायची असेल तर करडी मारावी लागते. आणि कायदा असा की एकदा पिंजऱ्यात आलेली करडी खार पुन्हा सोडायची नाही. घरात पाळायचीही नाही.

मंडळ निघाले तेव्हा गावच्या सभागृहात पिंजरे वाटले गेले. लोकांनी ते हौसेने नेले. नंतर वनखात्याच्या माणसाने पुढचे कसे करायचे ते समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला. पहिली खार सापडली ती पाद्रीबुवांच्या बागेत. त्यांनी एकाला फोन केला, त्याने दुसऱ्याला, आणि संध्याकाळपर्यंत तो फोन फिरत फिरत हेस्टरकडे पोचला. तिचा नवरा राल्फ नदीवर ट्राउट धरायचा. मासा पाण्याबाहेर काढल्यावर त्याच्या डोक्यात घालायची शिसे भरलेली आखूड काठी असते, ती राल्फ गेल्यावर हेस्टरच्या घरी खुंटीला होती. एवढ्या एका कारणावरून सगळ्यांनी ठरवून टाकले की हिला जमेल.

“तुला जमलं कसं?” मी एकदा तिला विचारले होते.

“जमलं कुठं? तो बिचारा पाद्री पांढराफटक पडून दारात उभा होता. त्याच्याकडनं झालं असतं का? कुणीतरी करायलाच हवं होतं, पोरा, आणि मी तिथं उभी होते.”

तेव्हापासून ती गोणपाटाची पिशवी आणि ती काठी घेऊन जाते. एका घावात काम संपवते. खारीला फार वेळ पिंजऱ्यात ठेवणे तिला खपत नाही, म्हणून जेवणावरून उठून येते. लोक तिच्या दारात आल्याचा केक ठेवून जातात, मुरंब्याच्या बरण्या ठेवून जातात. घरात मात्र फारसे कुणी बोलावत नाही. एकदा पोस्टाच्या रांगेत मागची बाई तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. हेस्टर वळून म्हणाली, “धुतलेत गं. साबणानं.”

करड्या खारींवर तिचा राग नाही. “त्यांना कुणी विचारलं होतं का, येता का म्हणून?” एवढेच ती म्हणते.

गेल्या हिवाळ्यात रोझलिंड पेम्बर्टनच्या दाण्याच्या डब्यावर एक लाल खार आली. गावात कित्येक दिवसांत लाल खार दिसली नव्हती. काही लोक तर म्हणू लागले होते की आता रानात एकही उरलेली नाही आणि आपण उगाच करड्या मारत बसलोय. रोझलिंड आणि तिचा नवरा क्लाइव्ह निवृत्त होऊन दक्षिणेकडून इथे राहायला आलेले. ती पूर्वी संगीत शिकवायची. लाल खार बघायला तिने सगळ्या गावाला चहाला बोलावले. हेस्टरलाही बोलावले. आम्ही सगळे खिडकीशी श्वास रोखून उभे होतो. खार आली, हातात दाणा घेऊन बसली आणि गेली. हेस्टरने डोळे पुसले आणि म्हणाली, “तुझ्या काचा फार स्वच्छ आहेत हं, रोझलिंड. डोळ्यांत ऊन जातं.”

मार्चमध्ये त्याच डब्यावर करडी आली. रोझलिंडने घाबरून पिंजरा मागवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेस्टरला फोन आला.

आम्ही पोचलो तेव्हा पिंजऱ्यावर टॉवेल होता. रोझलिंड दारातच उभी होती. “लांब कुठेतरी नेऊन सोडता नाही का येणार? मी नुसतं विचारते हं.”

“लांब राहणाऱ्यांनी काय पाप केलंय?” हेस्टर म्हणाली. “आणि सोडलं की गुन्हा. जा, चहा टाक.”

तिने टॉवेलचे टोक उचलून आत पाहिले आणि तशीच वाकून राहिली. मग मला खुणेने बोलावले. खार पिंजऱ्याच्या जाळीवर उभी होती आणि तिचे पोट आमच्याकडे होते. आचळांभोवतीचे केस ओले आणि विरळ झाले होते.

“पाजतेय ही,” हेस्टर म्हणाली. “पिल्लं आहेत कुठंतरी.”

असे यापूर्वी तिच्या वाट्याला आले नव्हते. तिने रोझलिंडला आणि क्लाइव्हला बाहेर बोलावले. झाडांवर घरटे दिसते का, छपरात कुठे भोक आहे का, सगळीकडे बघायला लावले. क्लाइव्ह शिडी लावून पोटमाळ्यावर डोके घालून आला. “काही नाही. आमच्या नाताळच्या झिरमिळ्या तेवढ्या आहेत.” मी हद्दीवरच्या ओकच्या खोडाभोवती फिरलो. इतका वेळ खार टॉवेलाखाली पिंजऱ्याला धडका देत होती. तो आवाज थांबेना.

“आता ठेवणं बरं नाही,” हेस्टर शेवटी म्हणाली. “नाक फुटलंय तिचं.”

“पण पिल्लांचं?” रोझलिंडने विचारले.

“तू सांग. तू म्हणशील तसं करते. सोडू? तुझी लाल खार परत त्याच डब्यावर येईल, ही पण येईल.”

रोझलिंडने क्लाइव्हकडे पाहिले. क्लाइव्हने शिडीकडे पाहिले. मग दोघे आत गेले. हेस्टर पिशवी घेऊन वाकली. काम झाल्यावर तिने पिंजरा धुतला आणि टॉवेल दोरीवर वाळत घातला.

दोन दिवसांनी रोझलिंडचा फोन आला. पाहुण्यांच्या खोलीच्या छतातून किरकिर ऐकू येत होती. आम्ही गेलो तेव्हा क्लाइव्हने पोटमाळ्याच्या अगदी कोपऱ्यातून, उबेसाठी अंथरलेल्या लोकरीखालून घरटे उचलून टोपीच्या खोक्यात ठेवले होते. तीन पिल्ले. डोळे मिटलेली, अंगावर जेमतेम लव आलेली. दोन हलत होती.

हेस्टरने खोके हातात घेतले आणि माझ्याकडे वळली. “चल पोरा, पेनरिथला. जनावरांच्या डॉक्टरकडे. तो सुई देतो. त्यांना कळतही नाही.”

“नाही,” रोझलिंड म्हणाली.

“रोझलिंड...”

“मी नाही देणार. आई मारलीस ना? पुरे झालं. मी ड्रॉपरने दूध पाजीन. कुणाला कळायचं कारण नाही.”

“पिंजरा तूच मागवलास.”

“हो, मागवला! मला काय माहीत होतं असं असेल म्हणून? तुला सवय आहे हेस्टर, मला नाही.”

हेस्टरने खोके टेबलावर ठेवले. बराच वेळ तिने त्यावरचा हात काढला नाही. “सवय,” ती म्हणाली. “बरं.”

मला वाटले ती आता निघून जाईल. पण तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. रोझलिंडने फ्रिजमधून गाईचे दूध काढलेले पाहून ती म्हणाली, “त्यानं जुलाब होतील आणि उद्यापर्यंत मरतील. ग्रीनरिगच्या शेतावरनं शेळीचं दूध मागव. आणि आधी ऊब दे, गार पिल्लाला दूध पाजायचं नसतं.” मेलेले पिल्लू तिने रुमालात गुंडाळून बाजूला ठेवले. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून खोक्यात ठेवली. लहानपणी आईवेगळी कोकरे तिने स्वयंपाकघरात वाढवली होती. दूध आल्यावर एक पिल्लू तळहातावर उताणे न धरता पालथे कसे धरायचे, थेंब ओठाच्या कडेला कसा लावायचा, हे तिने रोझलिंडला दाखवले. पिल्लाने थेंब चाटला. रोझलिंड रडू लागली. हेस्टरच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नव्हते.

निघताना ती म्हणाली, “डोळे उघडले की मला फोन कर.”

“कशाला?”

“मोठी झाली की त्यांना बाहेर जावंसं वाटणार. तुझ्याच बागेत जातील. त्याच्या आत मला सांग.”

रोझलिंड पिल्लाच्या ओठाशी पुढचा थेंब नेत होती.

गाडीत मी म्हणालो, “हेस्टर, हे बेकायदा आहे. आपण दोघं मंडळाचे.”

“ठाऊक आहे.”

“मग पाजायला का शिकवलंस?”

“नसतं शिकवलं तर चुकीचं दूध पाजून हालहाल करून मारली असती तिनं. ते बघवलं नसतं मला.” मग म्हणाली, “आणि आता वाढतील ना, तेही बघवणार नाही.”

पुढचे काही दिवस ती रोज तिथे जात राहिली, पिल्लांना पाजायला. मंडळाच्या कामाला नेतो तशी मीच तिला नेत होतो. मग एक दिवस रोझलिंडने दार पुरते उघडले नाही. साखळी तशीच ठेवून फटीतून म्हणाली, “गेली गं ती. दोन्ही गेली.”

“कधी?”

“काल. क्लाइव्हनं पुरली. ये ना कधीतरी चहाला. आज नको.”

दार मिटले. पायरीवर ग्रीनरिगच्या शेळीच्या दुधाच्या बाटल्या होत्या, त्या दिवशीच्या. पूर्वी एक असायची, आता दोन. हेस्टरने त्या पाहिल्या. मीही पाहिल्या. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीचे पडदे भर दुपारी ओढलेले होते. बागेतला दाण्याचा डबा भरलेला होता आणि कुंपणावर लाल खार बसून आमच्या जाण्याची वाट पाहत होती.

हेस्टरने घंटीकडे हात नेला आणि मागे घेतला. फाटकापर्यंत आली, थांबली, परत दोन पावले दाराकडे गेली आणि मग गाडीत येऊन बसली. मी किल्ली फिरवली नाही.

“सांगायला हवं कुणाला तरी,” मी म्हणालो. “वनखात्याला. निदान मंडळाला तरी. मीच सांगतो, तुझं नाव नको.”

“सांग की,” ती म्हणाली. “मग काय करतील ते?”

“कुणाला तरी पाठवतील.”

“कुणाला, पोरा?”

तिने पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवून समोर पाहत बसली. मी गाडी सुरू केली.