दोरीवरची तिसरी जागा

कोणी काही विचारलं की तो आधी दोन बोटांनी चार ठोके द्यायचा. टेबलावर, बर्फाच्या लादीवर, स्वतःच्या मांडीवर, जे हाताशी असेल त्यावर. चौथा ठोका पडला की मग उत्तर. मी पहिल्या भेटीत नाव विचारलं तेव्हाही त्याने चार ठोके दिले, आणि हा गृहस्थ स्वतःचं नाव आठवतोय की काय, असं मला वाटलं.

ते नाव मी इथे सांगणार नाही. माझ्या हातून एकदा छापून झालंय, तेवढं पुरे.

मी सावंतवाडीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. आमच्या धंद्यात वर्षाकाठी एखादा शोधनिबंध लिहावा लागतो, आणि त्या वर्षी परिसंवादाचा विषय आला होता 'हिपहॉप: संस्कृती, प्रतिनिधित्व आणि राजकारण'. हिपहॉपमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. उलटी टोपी घालून हातवारे करतात ते, एवढीच माझी समज. एका विद्यार्थिनीने सांगितलं, "सर, मालवणाकडे बर्फाच्या कारखान्यात एक जण आहे, तो मालवणीत रॅप करतो." आयतं सावज चालून आलं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली.

वय तिशीच्या आसपास, अंगात भिजलेला गंजीफ्रॉक, डोक्यावर टोपी, आणि ती सरळच. कारखान्याचं मशीन घरघरत असायचं त्याच तालावर तो ओळी जुळवायचा. वीज गेली की मशीन थांबे आणि कविताही थांबे. "लायट इली की सांगतंय पुढचा," असं म्हणून तो खरोखर वाट पाहत बसायचा.

मी वही उघडून विचारलं, "तुम्ही मच्छीमार समाजाचा आवाज आहात, असं म्हणता येईल का?"

चार ठोके. मग म्हणाला, "माझा माका इचारा, गावाचा गावाक."

हे त्याचं पालुपद. मी त्याला विनय समजलो आणि वहीत तसंच लिहून ठेवलं. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत ही कला कशी जन्मली हे मी पुस्तकातून वाचून गेलो होतो, त्याला ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. "त्येंनी त्येंच्या गल्लीचा सांगल्यानी. मी माझ्या घराचा सांगतंय. दुसऱ्याचा सांगलंय तर ती चोरी." संपूर्ण परिसंवादात याहून शहाणं वाक्य कोणी बोललं नाही, आणि हे वाक्य माझ्या निबंधात नाही.

परिसंवादाला त्याला मी घेऊन गेलो होतो. मुंबईहून आलेले एक विद्वान म्हणाले, ही उसनी कला आहे, कोकणाने दशावतार सोडून हे कशाला धरावं. दुसरे म्हणाले, हाच खरा प्रतिरोध. दोघे त्याच्याविषयी पाऊण तास बोलले, आणि तो मधल्या खुर्चीवर बसून बिस्कीट खात होता. शेवटी अध्यक्षांनी त्याला मत विचारलं. त्याने माईकवर चार ठोके दिले. माईक बिघडला समजून शिपाई धावत आला. पुढे तो काय बोलला ते हसण्याच्या गडबडीत कोणी ऐकलं नाही.

आता रापणीबद्दल सांगायला हवं, कारण त्याचं सगळं तिथेच होतं. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या, ती रापण. त्यांच्या गावात दोरीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली. याच्या घराची पाण्यापासून तिसरी. आधी तिथे वडील होते, मग थोरला भाऊ, मग हा. पहाटे रापण ओढायची आणि मग कारखान्यावर जायचं. एकदा मी त्याला विचारलं, मुंबईला जाऊन मोठा रॅपर का होत नाहीस. "मगे दोरयेर कोण ऱ्हवतलो?" म्हणाला. या वेळी ठोके दिले नाहीत.

थोरला भाऊ दोरी सोडून पर्ससीनच्या बोटीवर गेला होता. या इंजिनाच्या बोटी, मोठं जाळं फिरवून मासळीचा थवाच्या थवा उचलतात, आणि रापणकरांचं त्यांच्याशी हाडवैर. आपल्या घरातला माणूस तिथे गेला ही गोष्ट त्या वाडीत कोणी उघड बोलत नसे. त्याने मात्र त्यावर गाणं केलं होतं, आणि ते त्याचं सगळ्यात चांगलं गाणं होतं:

"भाव माझो बोटीर, मी रापणीच्या दोरीर,
दोगांचेय मासे शिजतत एकाच चुलीर."

हे त्याने मला कारखान्याच्या मागे, मशीन बंद असताना म्हणून दाखवलं. म्हणाला, "लिवा, पण लिवलास ता आदी माका वाचून दाखवा." मी हो म्हटलं. निबंध इंग्रजीत होता, त्याला काय वाचून दाखवणार, म्हणून राहिलं. त्या निबंधावरून मी एका पेपरच्या रविवार पुरवणीत मराठी लेख लिहिला, तोही वाचून दाखवायचा राहिला. मुदत होती, एसटीचा संप होता, अशी काहीतरी कारणं होती. त्या लेखात या दोन ओळी देऊन मी खाली लिहिलं की, किनाऱ्यावरची तरुण पिढी आता स्वतःच या बोटींवर पोट भरते आहे. वाक्य मला भारदस्त वाटलं होतं. एका घरातल्या गोष्टीवरून मी सगळा किनारा रंगवून टाकला. सोबत त्याचा फोटो, नाव, गाव.

दोनेक महिन्यांनी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, सुनावणी लागली. पर्ससीनच्या बोटी किनाऱ्याला खेटून मासळी मारतात, अशी गावाची तक्रार होती. गावाच्या बाजूने एखादा शिकलेला माणूस असावा म्हणून मलाही बोलावलं होतं. बोटमालकांचे वकील उठले आणि त्यांनी एक कात्रण वाचायला सुरुवात केली. लेख माझा होता. क्षणभर मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आपलं लिखाण सरकारी दालनात कोणी मोठ्याने वाचतंय, असा प्रसंग आमच्या नशिबी कुठे येतो. मग ते म्हणाले, "यांचीच मुलं आमच्या बोटींवर आहेत, आणि तक्रारही हेच करतात."

रापणीचे म्होरके उठून म्हणाले, "साहेब, आमच्या गावातला एकही माणूस त्या बोटीवर नाही." ते खोटं होतं, आणि गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटोतल्या माणसाला उभं केलं. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. हात खाली लोंबत होते.

"माझा भाऊ आहे," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "एकटाच आहे. गाणं माझ्या घराचं आहे. बाकी कोणी नाही."

पहिलं वाक्य लिहून घेतलं गेलं. तक्रार फेरचौकशीला गेली, म्हणजे थंड झाली. परतीच्या एसटीत त्याच्या शेजारची जागा मोकळी राहिली. मी तीन रांगा मागे होतो. उठून त्याच्याजवळ जाऊन बसावं असं वाटत होतं. पण गावचे लोक बघतील म्हणून मी बसून राहिलो. माझ्यासारखे भेकड तुम्हीही पाहिले असतील, आम्ही बहुतेक सुशिक्षित असतो.

दुसऱ्या दिवशी रापणीवर काय झालं ते मला नंतर म्होरक्यांनीच सांगितलं. कोणी त्याला शिवी दिली नाही, हात लावला नाही. दुसरा आणि चौथा एकमेकांजवळ सरकले, एवढंच. तो थोडा वेळ उभा राहिला. म्होरके त्याला म्हणाले, "तू वायच बस." तो वाळूवर बसला, जाळं वर आलेलं पाहिलं आणि कारखान्यावर गेला. पुढे आठवडाभर रोज येऊन बसायचा.

मी म्होरक्यांना म्हटलं, "चूक माझी आहे. त्याने एका घराचं सांगितलं होतं, मी गावाचं केलं. त्याला जागा परत द्या."

"सर, तुमी शिकलेले. छापून इला ता लोकांका खरा वाटता. आता आमी काय सांगतलंव?" ते शांतपणे म्हणाले. त्यांनी मला शहाळं दिलं. ते मी प्यायलो.

मग मी पेपरला खुलासा पाठवला. तो छापून यायला बरेच आठवडे गेले. आतल्या पानावर, तळाशी, पाच ओळी. ज्या संपादकांनी इंग्रजी निबंध छापला त्यांनी कळवलं की, प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतात, आणि माझ्या निबंधाचा उल्लेख आता इतरांच्या निबंधांतही होऊ लागला आहे, अभिनंदन. या सगळ्या दिवसांत मला झोप नीट लागत होती, जेवणही जात होतं. काहीतरी वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं.

खुलाशाचं कात्रण घेऊन मी त्याच्या घरी गेलो. घरात त्याची आई एकटीच होती. तिने मला पडवीत बसवलं, चहा दिला आणि काय आणलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचू लागलो, "संबंधित गावातील तरुण पर्ससीन बोटींवर काम करतात, हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हतं..."

"ऱ्हवांदे, सर," ती म्हणाली. "वाचू नकात. धाकटोय आता भावाच्याच बोटीर गेलो. पंदरा दिस झाले."

मी पुढचं वाचलं नाही. ती कप न्यायला थांबली होती, म्हणून मी चहा संपवला.