खिचडीची पळी

माझ्या आत्याइतकं लोकांच्या संसाराचं नुकसान करणारं माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात दुसरं झालं नसेल. धावड्यात घरातली वस्तू दिसेनाशी झाली, की लोक चोराला शिव्या न देता आधी अंगणवाडीत डोकावत. तिथे आत्या सेविका होती. नवं पोर रडत आलं, की बाकीच्या बाया गोळी दाखवतात, नाहीतर डोळे वटारतात. आत्याला दोन्ही नामंजूर. तिचा कायदा एकच: पोरानं घरून आवडीची एक वस्तू आणावी आणि ती धरून खुशाल बसावं. आता पोरांची आवड ती. एकानं आजोबांची काठी आणली, आजोबा दुपारपर्यंत ओट्यावर अडकून पडले. एकीनं तवा ओढत आणला, त्या घरात भाकरी बंद झाली. एक तर शेळीचं करडूच घेऊन आला. तक्रार घेऊन आलेल्या आयांना आत्या दारातूनच वाटेला लावायची. म्हणायची, "हिसकावू नका. ज्या दिवशी पोरगं इसरून घरी येईल, त्या दिवशी घिऊन जा. मंग समजायचं, मन बसलं त्याचं."

एकदा तपासणीला मॅडम आल्या. भिंतीवर तक्ते बराबर होते, फक्त खाली करडू अंकलिपी चघळत होतं. मॅडमनी 'बालस्नेही वातावरण' या विषयावर आत्याला भरपूर ऐकवलं आणि सगळ्या वस्तू घरी पाठवायला सांगितल्या. आत्या शांतपणे म्हणाली, "तुम्ही बी पर्स मांडीवर घिऊनच बसल्या ना, मॅडम." या उत्तराबद्दल तिला लेखी समज मिळाली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत असा आकांत उठला, की गावाला वाटलं कुणीतरी गेलं. संध्याकाळच्या आत आयांनीच काठी आणि तवा मुकाट्यानं परत आणून दिला. करडू आपल्या पायांनी आलं.

मागच्या वर्षी आत्या निवृत्त झाली आणि मुलानं तिला जालन्याला, मस्तगडच्या घरी आणलं. आणायला मीच गेलो होतो. निघताना तिनं अंगणवाडीला नवी पळी घेऊन दिली आणि खिचडीची जुनी पळी स्वतः उचलली. गाडीत पळी तिच्या मांडीवर होती. मस्तगडला टीव्ही बघताना हातात, झोपताना उशाशी. पाहुण्यांसमोर वहिनींना, म्हणजे तिच्या सुनेला, लाज वाटायची. एकदा त्या पळी काढून घ्यायला निघाल्या, तेव्हा मी म्हणालो, "हिसकावू नका वहिनी. विसरेल तिची ती." तेव्हापासून त्या घरी गेलो, की मी आधी आत्याच्या हातांकडे बघायचो.

गेल्या आठवड्यात गेलो, तर आत्या घरात नव्हती. शेजारच्या बायांबरोबर हसत हसत भाजी आणायला गेली, असं वहिनी म्हणाल्या. पळी खुर्चीवर तशीच पडली होती. मला फार बरं वाटलं, आणि उगीचच वाईटही वाटलं. तिच्या कायद्याप्रमाणे आता ती पळी धावड्याला पोचवायला हवी होती. दोनदा हात पुढे केला, पण मला काही ती उचलवली नाही.