कोणत्या गेअरात उतरवली

गाडीतलं मला फार कळतं असं आमच्या गावात समजतात. मीही तो समज कधी मोडला नाही. नडला तोच.

साखरखेर्ड्याजवळ आमचा भाजीचा मळा. पिकअप घेतली तेव्हा मला चालवायला शिकवलं मेहकरच्या एका गॅरेजवाल्यांनी. सगळा भाग त्यांना उस्ताद म्हणायचा. मला एकच खोड होती, डावा पाय सतत क्लचवर टेकलेला. वर्षभरातच क्लच प्लेट जळाली. उस्तादांनी ती काळी ठिक्कर प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाय ठेवायले जागा नाही का बे तुले दुसरी?" नवी टाकून दिली. ब्रेकही करून दिले. निघताना नेहमीचं बजावलं, "घाट ज्या गेअरात चढशील, त्याच गेअरात उतरव. इंजिनाले धरू दे गाडी. ब्रेक नुसते टेकवायचे."

त्या क्लचचा मी धसकाच घेतला होता. अशात मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. लाल, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार आणि काळा चष्मा लावलेला एक माणूस. तो सांगत होता की वेग कमी करायला खालचा गेअर टाकत बसू नका, क्लच झिजतो. ब्रेक पॅड बदलणं सोपं, क्लचसाठी अख्खा गेअरबॉक्स उतरवावा लागतो. मला एकदम पटलं. त्याचा रस्ता टेबलासारखा सपाट होता आणि गाडीत तो एकटा होता, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

धाकट्या भावाला गाडी मी शिकवत होतो. त्याला हेच शिकवलं, वर शहाणपणाही केला, "उस्ताद जुन्या जमान्याचे. तू टॉप गेअरातच उतरव, ब्रेक मारत राह्य."

चार वर्षांपूर्वी तो पत्ताकोबी भरून मलकापूरला निघाला. राजूर घाटात निम्म्यावर ब्रेकचं पेडल थेट खाली गेलं. पोरगं हुशार, त्यानं गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. जीव वाचला, हात मोडला. कोबी रस्ताभर.

गाडी ओढून गावात स्टँडवर आणली. वडिलांनी विचारलं, "ब्रेक कोणी केले होते?" उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. बोलावणं गेलं, उस्ताद आले. त्यांनी चाक खोललं, ब्रेकचा लायनर काढून वास घेतला आणि वडिलांना म्हणाले, "दादा, माह्या कामात खोट नाही. पोरानं पूरा घाट ब्रेकवर उतरवला. तापून जळाले."

"हात मोडला पोराचा, अन् चूकही त्याचीच काऊन?" वडील कडाडले.

उस्ताद माझ्याकडे वळले. "तूच शिकवलं ना त्याले? सांग सगळ्याइले, कोणत्या गेअरात उतरवायले शिकवलं?"

पंधरावीस माणसं उभी होती. भाऊ हात गळ्यात बांधून माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "तुम्ही शिकवलं तसंच."

उस्तादांनी लायनर तिथंच ठेवला आणि ते एसटीनं परत गेले. भावानं तोंड उघडलं नाही, मोठ्या भावाची लाज राखली. त्यानं तेव्हाच खरं का सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो, आणि तो राग किती हलकट आहे हेही कळतं.

त्यानंतर आमच्या गावची एकही गाडी उस्तादांकडे गेली नाही. मग पलीकडच्या बीबी गावच्या गाड्या थांबल्या. ब्रेकच्या कामात एकदा नाव गेलं की गेलं. आपल्या लेकराबाळांना घेऊन कोण परीक्षा पाहणार? गॅरेज सुटलं. आता ते रस्त्याकडेला टिनाखाली पंक्चर काढतात.

मागच्या महिन्यात मेहकरला माल उतरवून परतताना मी तिथं गाडी थांबवली. ते टायरची ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, टॉप गेअर, माझं खोटं. सांगताना रडलोही.

त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली. "खोटं चार माणसांत बोलला," ते म्हणाले, "अन् खरं सांगायले एकटाच आला?"

मी डोळे पुसले.

"चाल. तुह्या गावच्या स्टँडवर चाल. तिथं सांग हेच. मी येतो संगं." आणि ते खरोखरच उठले, हात पुसले, चप्पल घातली.

माझ्या डोळ्यांपुढे स्टँडवरची माणसं आली. वडील आले. मी म्हणालो, "आज नाही जमत उस्ताद. मागं माल हाय, खराब होईल."

ते चालत पिकअपच्या मागे गेले आणि आत पाहिलं. गाडी रिकामी होती.