म्हस्कूच्या गढीतली काजळी

भीमाकाठची ती गढी म्हणजे जुन्या काळची सरहद्दीवरची लष्करी चौकी. नदीच्या अल्याड एक राज्य, पल्याड दुसरं. आता उरलेत दोन बुरूज आणि एक भिंत. भोवती सरकारी तारेचं कुंपण आणि राखणीला म्हस्कू.

म्हस्कूला एक खोड होती. येणाऱ्या प्रत्येकाला तो गाव विचारायचा आणि लगेच, "जल्मबी तितलाच का?" पहिल्यांदा मला रागच आला. याला काय करायच्यात नसत्या चौकशा? कारण नंतर कळलं. त्याचे आईबाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे आणि हा वाटेतच कुठंतरी जन्मला. "नदीकाठी, पडक्या भिंतीच्या आडोशाला," एवढंच आई सांगायची. उजनी धरणाचं पाणी चढल्यावर तर तिला काठच ओळखू येईनात. चाळिशी आली तरी आपण कुठले, हा प्रश्न म्हस्कूला छळत होता.

गढीच्या कोपऱ्यात भिंतीवर काजळी होती. कुणा साहेबानं तिथं पाटी रोवली होती, 'तोफेच्या धुराच्या खुणा'. म्हस्कू ती अशा तोऱ्यात दाखवायचा, जणू तोफेला बत्ती यानंच दिली! काजळी गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी शंका काढली की म्हणायचा, "गुरुजी, शिकल्याल्या मानसानं लिवलंय."

१९९६च्या दिवाळीत त्याची आई तानूबाई डाळजहून, लेकीकडून, पहिल्यांदाच गढी बघायला आली. मीही मुद्दाम गेलो. म्हस्कूनं तोफेचं पुराण लावलं, पण म्हातारीचं लक्षच नव्हतं. ती काजळीपाशी बसली आणि शेजारच्या कोनाड्यात चाचपू लागली.

"तोफ कुटली रं," ती म्हणाली. "बाळातपणाचा शेक घेतलाय मी हितं. मेंढरं फुडं गेली, मी आन् तुजा बा मागं ऱ्हायलो. पाचवीला सटवाई पुजाय हळद-कुकू नव्हतं, म्हून खिळ्यानं पाच रेघा वढल्या. बघ हात घालून."

म्हस्कूनं हात घातला. मग मीही घातला. पाच रेघा होत्या.

"आन् तुजी नाळ ह्या पाटीखाली पुरलीया."

म्हस्कूनं पायातल्या वहाणा काढल्या. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बावड्याची मंडळी गढी बघायला आली. एकानं पाटी वाचून विचारलं, "तोफ हितंच व्हती का, मामा?"

"न्हाय," म्हस्कू म्हणाला. "हितं माजा जल्म झालाय."