अंगावरचं दुखणं

माझं जुनं धोतर सापडेना म्हणून मी आरडाओरडा केला. बायको हळूच म्हणाली, “फाडलं मी. घड्यांना माझी जुनी लुगडी संपली.”

पुढं विचारायचं धाडस झालं नाही. धाकट्याच्या बाळंतपणापासून तिची पाळी आठ-दहा दिवस थांबत नसे. पाण्याचा हंडा उचलला की तिला धाप लागे.

मी सायकलवरून कोल्हारला डॉक्टरांकडे गेलो, एकटाच. आमच्याकडे बायकांचं औषध पुरुषच आणत. दवाखान्यात आमच्या गावातले दोघे बसले होते.

“काय होतंय मंडळींना?” डॉक्टरांनी विचारलं.

“अशक्तपणा.”

“पाळीचं काय? अंगावरून जास्त जातं का?”

मी त्या दोघांकडे पाहिलं. “नाही. ते ठीक आहे.”

टॉनिकची बाटली घेऊन आलो. बायकोला सांगितलं, डॉक्टरांना सगळं सांगितलंय. ती नेमानं टॉनिक घेत राहिली. ते संपल्यावर मी दुसरी बाटली आणली. पण शेतात चैन पडत नव्हतं. उसाला पाणी देता देता फावडं टाकून घरी यायचो, दारातून तिच्याकडे बघायचो आणि परत जायचो.

एका सकाळी ती न्हाणीत भिंत धरून खाली बसली. ओठ पांढरेफटक पडले होते. बैलगाडीत घालून कोल्हारला नेलं. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली.

“रक्त जातंय? कधीपासून?”

“लई महिने झालं. गाठी पडत्यात. यांनी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “मग टॉनिक कशाला नेत होतास, देवाला दाखवायला? आजच नगरला घेऊन जा.”

नगरला तिला रक्त चढवलं, गर्भाची पिशवी साफ केली. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “मला वाटायचं, औषधाचा गुण येत न्हाई, म्हंजी माझंच नशीब खोटं. रोज देवाला हात जोडायची.”

मी तिच्या पायांवर चादर ओढली, पुन्हा काढली, पुन्हा ओढली.

महिन्याभरानं कोल्हारला तपासणीला गेलो. तिला आत बोलावणं आलं तसा मीही सवयीनं उठलो.

“तुमी बसा हितंच,” ती म्हणाली. “माझं मी सांगते.”

तिच्यामागं दार लागलं. ती बराच वेळ आत होती. बाहेर मी बाकावरून उठत होतो, पुन्हा बसत होतो.